हरताळ

अप्पांच्या अस्थी सोडून वर आले
तेव्हा गुरुजींनी लाल फडक्यातली वही उलगडली,
हातभर लांब, जुन्या उशीसारखी मधोमध खचलेली.
"तांबट आळी ना? थांबा. तुमचे खूप मागे जातात."
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.
मोडी मला येते थोडीफार.
ते बोलत राहिले, मी मागे गेले.

शक सोळाशे अकरा.
शहराला तेव्हा गुलशनाबाद म्हणत,
वहीला ते मान्य नाही. क्षेत्र नाशिक, एवढेच.

माघात पेठचा कोणी धाको बापाचे पिंड घालून गेला.
महिन्याच्या आत त्याचा भाऊ आला, धाकोचे घालायला.
भावाचे घालायला कोणी आले नाही.
मग दिंडोरी, दोन घरे.
मग मखमलाबाद.
मग गावाचे नाव लिहिणेच बंद होते,
म्हणजे मरी नदी उतरून आळीत आली होती.

वहीत उंदीर नाहीत. ते मी घालते:
सुरतेचे मीठ घेऊन घाट चढलेले लमाणांचे बैल,
गोणीच्या शिवणीत बसून आलेले ते,
भर दुपारी पडवीत गोल गोल फिरून
उताणे पडलेले.
पोरांनी शेपटीला धरून भिरकावले असतील.
मग काखेत आवळ्याएवढी गाठ, तिसऱ्या दिवशी बरळणे,
चौथ्या दिवशी चूल नाही.
अप्पा म्हणायचे, ठोके थांबले की तांबटाला झोप येत नाही.
त्या फाल्गुनात आळी जागीच असेल,
जेवढी होती तेवढी.

पुढे अक्षर बदलते.
आधीचे बाळंभटाचे, बोरूला घाई, शेपट्या लांब.
हे थबकत चाललेले, ओळ वर चढणारी,
तांदूळ निवडावेत तसे एकेक.
"सहा रोज लिहिले नाही. ज्वरात होत्ये."
त्या एका 'त्ये'वरून कळते
की बाळंभट गेला आणि त्याची सून
(की लेक, की बायको, वही सांगत नाही)
बोरू घेऊन बसली.

तिच्या अकरा पानांत बायकांना नावे आहेत.
त्याआधी अमक्याची माता, तमक्याची भार्या.
तिच्याकडे म्हाळसा. भिवरा. लाडू, वय नऊ.
सगुणा तांबटीण: नवरा, दीर गेले, भट्टी आपण पेटवते,
दक्षिणेस गडवा दिला, कड वाकडी आहे, चालेल.
समासात भाव: लाकडाचा भार पूर्वी दोन रुके,
आता नऊ, आणि जोंधळे आधी.
दाऊद कागदी उधार देत नाही, घरात तोच उरला.
आणि अगदी तळाशी,
जिथे भटाच्या वहीत त्याला जागा नसते:
"येसनाक. चाळीस उचलले.
पाटलाने वेशीत बोलाविले तर म्हणाला, आता तुम्ही या."

बाराव्या पानावर तिसरेच अक्षर. दत्तक असावा.
गोल, सुबक, शिकवलेले.
पुन्हा माता, पुन्हा भार्या.
आणि त्याने मागे उलटून
तिच्या पानांवर पिवळा हरताळ फासला आहे,
म्हाळसावर, भिवरावर,
येसनाकवर दोन हात, जाड.
भाव मात्र ठेवलेत.
गडवा दिसतो, सगुणा दिसत नाही.
लाडूवर फासायचे राहून गेले,
किंवा हात कचरला.

गुरुजी फोन ठेवून आले.
"हं. कैलासवासी त्रिंबक. सोबत मुलगा?"
"मुलगी."
"जावई?"
"नाहीत."
त्यांनी लिहिले, कन्या.
मी उठले नाही.
"हो हो, नाव," म्हणत त्यांनी ते लिहिले,
बारीक, कारण ओळ संपत आली होती.

माझ्या बोटाला पिवळे लागले होते.
"धुऊन घ्या," ते म्हणाले,
"सोमल असतो त्यात. अजून."
घाटावरच्या नळाला पाणी नव्हते.
चहा मी डाव्या हाताने घेतला.